पाणी येणार नाही, ते उकळून प्या

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर, आणि गुडघ्याचं पुराण तू गेल्या रविवारी फोनवर ऐकलंच आहेस. तरी पत्र का? एक गोष्ट सांगायची आहे आणि ती फोनवर माझ्याच्याने होत नाही. तीन वेळा ठरवून फोन लावला. तिन्ही वेळा तू विचारलंस काय चाललंय, मी म्हटलं काही नाही गं, आणि आपण तुझ्या नव्या पडद्यांवर अर्धा तास बोललो. खरं सांगू? भीती वाटते. एकदा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. तशी पुन्हा गप्प झालीस तर मधे आठ तासांचा प्रवास आहे, तुझं दार वाजवायलाही येता यायचं नाही. आणि ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळली तर ते मला जन्मभर लागून राहील. तेव्हा निवांत बस आणि सरळ वाचत जा. आधी शेवटचं पान उघडायचं नाही, तुझी खोड मला माहीत आहे.

सुरुवात ऑफिसपासून करावी लागेल. एकवीस वर्षं पाणीपुरवठ्याची जनसंपर्क अधिकारी म्हणून मिरवतेय, पण माझ्या हातात काय, तर पाणी येणार की नाही एवढंच सांगणं. ते पिण्याजोगं आहे का, हे सांगायचा अधिकार आरोग्य कार्यालयाचा. पाइपसाठी रस्ता खणला तर गाड्यांनी कुठून वळायचं, ते वाहतूक पोलीस सांगणार. आणि गल्लोगल्ली फिरणारी भोंग्याची गाडी अग्निशमन दलाची. चार कार्यालयांची चार तोंडं, आणि प्रत्येकाच्या तोंडावर आपापल्या साहेबाचा हात! लोकांनी फोन केला की आम्ही सगळे एका सुरात, ते आमच्या अखत्यारीत नाही. लोक कंटाळून शेजारणीला विचारायचे.

तीन वर्षांपूर्वी मोठी टाकी धुवायला काढली तेव्हा मी चिठ्ठी पाठवली, उद्या दिवसभर पाणी येणार नाही. आरोग्यवाल्यांनी परवासाठी वेगळी चिठ्ठी पाठवली, पाणी उकळून प्या. भोंगेवाल्या दादाला दोन्ही एकदमच मिळाल्या. त्याने एका दमात वाचलं, उद्या दिवसभर पाणी येणार नाही, ते उकळून प्या. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत! माझा फोन तापला नुसता. एका आजोबांनी अगदी गंभीरपणे विचारलं की न येणारं पाणी किती मिनिटं उकळायचं. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण तू हसली असतीस आणि मी रडायच्या बेतात होते. साहेबांनी चूक कुणाची म्हणून विचारलं तर चारही कार्यालयांनी काखा वर केल्या.

त्या टोलवाटोलवीत आरोग्य कार्यालयातून एका गृहस्थांचा फोन आला. माझ्याच पदावरचे, तिकडचे. शांतपणे म्हणाले, बाई, चूक फक्त एका स्वल्पविरामाची आहे, तिथे पूर्णविराम हवा होता. मला अशा मिरच्या झोंबल्या! शहर हसतंय आणि हे महाशय व्याकरण शिकवतायत. मी फोन आपटला आणि त्याच दिवशी त्यांचं नाव स्वल्पविराम पडलं. आमच्या टेलिफोन ऑपरेटर बाई अजूनही त्यांचा फोन जोडताना तेच नाव सांगतात, आणि एकदा तर त्यांच्याच कानात सांगून बसल्या.

मग वरून हुकूम आला की चौघांनी एका खोलीत बसायचं. आरोग्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांब टेबल, एक फोन, खडखडणारा पंखा आणि भिंतीवर मोठा तक्ता. ज्याचा विषय त्याने मसुदा लिहायचा, बाकीच्या तिघांनी वाचून सही करायची, आणि मगच तो बाहेर जायचा. म्हणजे माझा प्रत्येक मसुदा स्वल्पविरामांच्या हाती! ते हिरवी पेन्सिल घेऊन बसायचे. मी लिहिलं, तांत्रिक कारणास्तव. त्यांनी खाली रेघ ओढून विचारलं, म्हणजे काय झालंय? म्हटलं, पाइप फुटलाय. मग पाइप फुटलाय असं लिहा की! मी भांड भांड भांडले. पाइप आमचा, लाज आमची, हे कोण टिकोजीराव? शेवटी रागानेच लिहिलं, पाइप फुटलाय, चारपर्यंत जोडतो. ठमे, त्या दिवशी निम्मेच फोन आले. हे मी त्यांना सहा महिने सांगितलं नाही.

आता गेल्या वर्षीचं. तलावाच्या रस्त्यावर तेलाचा टँकर उलटला ते तुला बातम्यांत कळलं, पण त्या खोलीत काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. सकाळचे दहा. तेल तलावात उतरलं, आम्ही तिथून येणाऱ्या पाण्याच्या झडपा बंद केल्या, पण तोवर थोडं तेल पाइपात शिरलं असेल का, ते तपासायला तीन तास लागणार. तीन तासांत शाळांची मधली सुट्टी होणार. पाणी पिऊ नका असं सांगायचा अधिकार आरोग्याचा, आणि त्यांचे साहेब म्हणाले अहवाल आल्याशिवाय ब्र काढायचा नाही. आमचे साहेब म्हणाले, तांत्रिक कारण सांगून मोकळ्या व्हा. मग स्वल्पविराम उठले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. म्हणाले, मी लिहितो, जबाबदारी माझी, पण रेडिओवर तुम्ही वाचा, बाई. पाण्याचं तुम्ही सांगितलं तरच लोकांना पटतं. त्यांनी लिहिलं, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका. पोलिसांच्या माणसाने सही केली, भोंगेवाल्या दादाने सही केली, मीही केली. एकाही साहेबाला विचारलं नाही. खोलीतल्या फोनवरूनच रेडिओवर वाचलं. आवाज स्थिर होता म्हणतात, पण हातातला कागद फडफडायला लागला. त्यांनी कागदाची दुसरी बाजू धरून ठेवली, वाचून होईपर्यंत. दीड वाजता अहवाल आला. पूर्वेकडच्या सगळ्या पाइपांत तेल होतं, आणि एकाही पोराचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्या टेबलावर डोकं ठेवून चक्क रडले. संध्याकाळी दोन्ही साहेब कॅमेऱ्यांसमोर आपल्या समयसूचकतेबद्दल बोलत होते. आम्ही दोघं टपरीवर चहा पीत ते बघत होतो, आणि मी इतकी हसले की चहा नाकातून आला.

तेव्हापासून तो चहा रोजचा झाला. या माणसाने लग्न केलंच नाही. आईची सेवा केली, आई गेली, मग पेन्सिली राहिल्या. गळा भसाडा आहे आणि गायची हौस दांडगी. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या दुरुस्त करतात, दोनदा दुकानदाराच्या शिव्या खाल्ल्यात. तुझ्या बाबांसारखे नाहीत. बाबा एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत, आणि ते गेल्यावर घरात जी शांतता आली तिची मला बारा वर्षांत सवय झाली नाही. तू सोळाची होतीस. पुढच्या वर्षी मावशी माझ्यासाठी स्थळ घेऊन आली, ते तू दाराआडून ऐकलंस, आणि दोन दिवस जेवली नाहीस, बोलली नाहीस. मी त्याच संध्याकाळी मावशीला नकार कळवला. त्यावर आपण कधीच बोललो नाही. तुझ्यामुळे माझं काही राहून गेलं, असं मनात आणू नकोस. मलाही तेव्हा नकोच होतं. आता मात्र हवंय, बाई. खूप हवंय.

गेल्या गुरुवारी त्यांनी विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारणाऱ्या माणसाला एक वाक्य धड पुरं करता येईना. म्हणजे आपण जर, म्हणजे तुमची हरकत, असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मला दया आली आणि ते संपायच्या आतच मी हो म्हणून टाकलं. तेव्हा परवानगी मागत नाहीये मी, सांगतेय. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला सकाळी अकरा वाजता नोंदणी कार्यालयात लग्न आहे. हे पत्र त्यांना वाचायचं होतं, पेन्सिल घेऊनच बसले होते. मी नाही दाखवलं. त्यांच्या बहिणीला ते सांगतील. ऑफिसात सांगायची गरज नाही, त्यांना म्हणे आमच्याआधी कळलं होतं. राहिली तुझी आत्या. बाबा गेल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिचा न चुकता फोन येतो, आणि अजूनही ती मला आमची वहिनी म्हणते. तिला मी सांगितलं तर ती ऐकून घेईल आणि फोन ठेवून रडत बसेल. तिच्या भावाच्या लेकीने सांगितलं, तर कदाचित माझ्यासाठी थोडी हसेलही. सांगशील का तू तिला? नाही जमलं तर तसं कळव, मी सांगेन, रागावणार नाही. पण केलास फोन, तर काय बोलायचं ते मी लिहून देत नाही, तुझ्या मनात येईल ते बोल. दुपारी दोन ते चार ती झोपते, तेवढी वेळ टाळ.

कुणाचीही होण्याआधी तुझीच,
आई