बांधावरचे चार चौकोन

वसतिगृह, नाशिक
१४ जुलै २०२५

ती. स्व. नवसाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र सोमनाथदादाच्या फुलांच्या टेम्पोतून पाठवते आहे. परवा तुमच्या झेंडूच्या बांधावर मी सुतळीचे चार चौकोन आखले, तो माझा एम.एस्सी.चा इकॉलॉजीचा प्रकल्प आहे. आत काय काय उगवतं ते मी दर महिन्याला येऊन मोजणार. त्या सगळ्या बांधावर खुरपं लागू देऊ नकोस, गायही सोडू नकोस.

आमच्या साधना मॅडम म्हणतात, तण नावाची जात नसते. आपल्याला नको असतं त्याला आपण तण म्हणतो. वर्गात आम्ही ते लिहून घेतलं. तू हसली असशील.

तुझी,
वेदिका

मु. पो. दिंडोरी
३ ऑगस्ट २०२५

चि. वेदिका हिस,
अ. उ. आ.

हसले तर खरीच. जन्मभर जे उपटलं, ते मोजायला आता मुली विद्यापीठात जातात. असो, तुझे चौकोन शाबूत आहेत. नवसाबाईला आता उरकत नाय, असं शेजारची मालनबाई चारचौघींत बोलली. चाळीस वर्षांत माझ्या बांधावर काडी दिसली नव्हती, म्हणून मनाला लागलं. पण शब्द दिला तो दिला. दोन नंबरच्या चौकोनात घोळ इतकी कोवळी आली आहे की भाजीची आठवण होते. तोडली नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या,
नवसाबाई

नाशिक
२३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारच्या मोजणीत एकवीस जाती सापडल्या. आता ५ ऑक्टोबरला मॅडम स्वतः चौकोन बघायला येणार आहेत. त्यांची सही झाली तर प्रकल्प पुढे जाईल, नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर शिक्षण पुरे, असं बाबांनी सांगून ठेवलं आहे. तुझा भाऊ बोलला की बोलला, हे तुला ठाऊक आहेच.

मॅडमना चहा बिनसाखरेचा लागतो.

तुझी,
वेदिका

दिंडोरी
७ ऑक्टोबर २०२५

चि. वेदिका हिस,
अ. उ. आ.

परवा तू चहासुद्धा न घेता गेलीस. कसं झालं ते तरी ऐक. दसऱ्याची फुलं तोडून झाली आणि मी मोकळी झाले. पाहुणी येणार म्हणून घर आवरलं, अंगण सारवलं. मग मनात आलं, बाई अंगण थोडंच बघणार, त्या चौकोन बघणार. मोजून तर तू नेलंच होतंस. म्हणून सुतळीच्या आतलं तेवढं मुळासकट खुरपलं, माती सपाट केली आणि कडेनं रांगोळी घातली. बाकी बांधाला हात लावला नाही, तुला शब्द दिला होता ना.

सकाळी मालनबाई बघून म्हणाली, आता बरं दिसतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पाहुण्यांना तण दाखवायचं हे काही मला जमलं नाही. मी चुकले. माझ्या खुरप्यानं तुझं वर्ष गेलं तर मला अन्न गोड लागणार नाही. मॅडमना येऊन भेटू का, ते लिही.

आत्या

नाशिक
१२ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

राग होता, अजून थोडा आहे. पण चहा न घेता निघाले हे माझंही चुकलं.

परतीच्या वाटेवर मॅडम म्हणाल्या, मोकळी झालेली जमीन पुन्हा कशी भरते, हा आपल्या विषयाचा मूळ धडा. खुरपल्याची तारीख माहीत आहे, तुलनेला शेजारी न खुरपलेला बांध आहे. इतकं नेटकं काम विद्यार्थी करत नाहीत. विषय बदलून मिळाला. पण आता मोजणी दर आठवड्याला हवी आणि तास बुडवून मला येता येत नाही. रोप दोन पानांवर असतानाच तू नाव सांगतेस, मला पुस्तक उघडावं लागतं. तू मोजशील का? वही टेम्पोत ठेवली आहे.

वेदिका

दिंडोरी
३० नोव्हेंबर २०२५

चि. वेदिका हिस,
अ. उ. आ.

वही भरत आली. आधी लव्हाळा आला, तो मुळात चिवट. मग घोळ, मग तांदुळजा, आणि आता गाजरगवत सगळ्यांना दाबायला बघतं आहे. उपटायला हात शिवशिवतात, म्हणून बांधावर जाताना खुरपं घरी ठेवते. मालनबाईला तीन नंबरचा चौकोन दिला होता. ती मोजता मोजता बोलते आणि आकडा विसरते, म्हणून काढून घेतला.

वर्ष वाचेल ना, एवढंच कळव.

आत्या

नाशिक
१४ जानेवारी २०२६

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वर्ष वाचलं. काल तोंडी परीक्षा झाली. अहवालात जमीन कशाने उघडी पडली हा रकाना असतो. तिथे लोक पूर, वणवा, चराई असं लिहितात. मी लिहिलं, खुरपणी, नवसाबाई. खाली निरीक्षक कोण, तिथेही तुझंच नाव. परीक्षकांनी दोन्ही नावं पुन्हा वाचली आणि विचारलं, बाई एकच का. मी सांगितलं, एकच, माझी आत्या.

चौकोन आता तुझे. घोळ तोड, खुरपायचं तर खुरप. मी रविवारी येते आहे. मोजायचं काही नाही, ऑक्टोबरातला चहा राहिला आहे.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
वेदिका