मामांच्या गुडघ्यांनी काढलेली वाट

तीर्थस्वरूप मामांस, तसेच मामांच्या दोन्ही गुडघ्यांस, साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. मामींचा खोकला गेला का? तुमची तब्येत विचारत नाही, कारण मी तुमच्या मनगटावर बांधलेलं घड्याळ ती रोज इमानेइतबारे कळवतं. (काल चाल फार मंद होती. गोळी चुकवलीत ना?)

मामा, तुमचे उपकार कसे फेडू? ओसाड बेटावरची तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं बंदरातून डोंगरावरच्या वस्तीत कुठून जात असतील, हे मी कॉम्प्युटरच्या नकाशावर शोधते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नकाशाने आधी थेट कड्यावरून वाट काढली. आम्ही मुकाट्याने चढलो. हाती लागले काटे आणि माझ्या सरांचा फुटका चष्मा. सरांनी सांगून टाकलं की या खेपेला वाट सापडली नाही तर काम बंद. म्हणजे माझी चार वर्षं पाण्यात. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नकाशात चालायला मी विशीतला, रिकाम्या हातांचा गडी घातला होता. पाठीवर ओझं आणि कडेवर पोर असलेली माणसं कशाला कडा चढतील? म्हणून त्याला काढून घड्याळाने पाठवलेले तुमच्या सकाळच्या फिरण्याचे आकडे घातले, तर प्रत्येक चढ संपला की बेटावरची समस्त जनता बावीस मिनिटं ठप्प. मी त्यावर प्राचीन दमणुकीचं अकरा पानी प्रकरण लिहिलं. (आईने वाचून सांगितलं, की तुमच्या फिरण्यातला चढ संपतो तिथे तुमच्या शिंपी मित्राचं दुकान आहे आणि तुम्ही रोज त्याच्याशी भांडता. अकराही पानं फाडली.)

भांडण वजा केलं, आणि वाट खड्या चढाला बगल देत, तुमच्यासारखी वळसे घेत, झऱ्यावरून वर गेली. तिथे खापरं सापडली, खडकात पावलांनी झिजलेल्या पायऱ्या सापडल्या. नकाशात हे कोण चाललंय म्हणून सरांनी विचारलं. मी तुमचं वय सांगितलं, तर ते खालीच बसले. मला मात्र रडू आवरेना. काम वाचलं मामा, ते निव्वळ तुमच्यामुळे.

आपली आज्ञाधारक भाची

ता. क. : ओझं घेऊन चढतानाचे आकडे अजून हवे आहेत. पुढच्या महिन्यात तुमचे गुडघे बदलणार म्हणे. नव्या गुडघ्यांचा मला काडीचा उपयोग नाही. ऑपरेशन जरा पुढे ढकलता येईल का?

आणखी ता. क. : वरचं आईने वाचलं. काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशीच करा. नंतर महिनाभर तुम्हाला धरून चालवायला मी येते आहे. रजेच्या अर्जात कारण विचारलं होतं. मी नुसतं ‘मामा’ लिहिलं. सरांनी ते दोनदा वाचून सही केली.