पेपर रुचिरानं पुसला नाय

अंकिता सूनबाई,

लॅपटॉप शोधू नको. मी तो पळस्प्याला धनेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलाय. तुझ्या क्लासचा पेपर परत मिळतो का बघतो.

तो रुचिरानं पुसला नाय, मी पुसला. परवा तू नसताना माझं नाव टाईप करायला बसलो. कुठं हात लागला काय माहीत, सगळा पेपर निळा झाला. एक अक्षर दाबलं आणि पेपर जाऊन तिथं एकटा 'भ' राहिला. घाबरलो. तू शिकवलेलं तेवढंच आठवलं, बंद करायच्या आधी सेव्ह करायचं. केलं.

काल तू पोरीला रडवलंस तेव्हा मी समोर बसून चहा पीत होतो. अख्ख्या सोसायटीत सांगून ठेवलंय, मला कॉम्प्युटर येतो म्हणून. तोंड उघडलं नाय.

शाळेतनं आली की तिला आधी जवळ घे. मला काय बोलायचं ते मग बोल.

तिनं मला परवा दारातनं बघितलं होतं. काल जेवताना कानाशी येऊन म्हणाली, "आबा, चुकलं की लगेच कंट्रोल झेड दाबायचं, सगळं परत येतं. मी कोणाला सांगितलं नाही."

भगवान