वाकळीच्या कोपऱ्यातली भाकर

माय, कलबुर्गीच्या संग्रहालयात जाऊन तुझी वाकळ बघून आले. काचेच्या कपाटात हुबी टांगलीय, वाळत घातल्यावानी. जलमभर आमच्या अंगाखाली होती, आता तिला हात लावू नका म्हनून पाटी हाय. मी काचंला नाक लावलं तर शिपायानं शिट्टी मारली. तुझा जावई जिता आसता तर म्हनला आसता, "हिलाबी त्याच कपाटात घाला, घर शांत ऱ्हाईल."

तिथली म्याडम मागं आपल्या हुलसूरला आलती, घरोघर जुन्या वाकळी बघत. म्हनली, "अक्का, ट्रंकंत उंदरं खातील. आमच्याकडं द्या, खाली शिवणारीचं नाव लिवू." त्या नावापायी दिली मी. तुझं नाव हाय तरी कुटं, माय? रानाच्या पहाणीच्या कागदावर बापाचं, मग भावाचं. माझ्या शाळंच्या दाखल्यावरबी बापाचंच. म्हनलं, काचंत का हुईना, येका जागी तुझं ऱ्हाईल. आन चिठ्ठीवर काय लिवलंय? 'शिवणारी अज्ञात.' खाली देणारी म्हनून माझं नाव! मला सुईत दोरा ओवता येईना म्हनून तुझ्या शिव्या खाल्लेली मी. शेजारी शहरातल्या येका बाईनं औंदा शिवलेली वाकळ टांगलीय, कला म्हनून. तिचं नाव मातर परातीयेवढं.

म्याडमला गाठलं. "माझी माय अज्ञात व्हय? मग मी काय कपाटातनं पडले?" ती हासली, पन म्हनली, "अक्का, तिनंच शिवली ह्याचा पुरावा पायजे. कागद, फोटो, कायतरी." "वाकळीला कागद आसतो व्हय? तुझ्या आज्जीनं घातलेल्या लोणच्याचा हाय का कागद?" मी भांडायले, लोकं बघायलेत. तावात बोलून गेले, "उजव्या कोपऱ्याच्या ठिगळाखाली बघ, चतकोर भाकर आसंल वाळलेली. वाकळ उपाशी ठिवू ने म्हनून दुसऱ्या बाया चिमूटभर दाणे घालायच्या, माझी माय येकलीच भाकर घालायची. हाच पुरावा."

तिनं हातमोजे घातले, कपाट उघडलं, कोपरा चाचपला. "अक्का, कडक काय न्हाई हितं. मऊ लागायलंय." मग उसवलेल्या टाक्यातनं आत बघितलं. "चिंधी हाय, लाल."

लाल म्हनली आन मला आपली चूल दिसली.

तू चुलीपुढं भाकरी थापायलीस. मी शाळंतनं आलेली, सकाळधरनं पोटात काय न्हाई. तू चतकोर हातात देतीस, "कोपऱ्यात घाल, दोरा ओवलाय, ठिगळ टाचून टाक, मी पाणी घिऊन येते." घागर भरून येतीस, ठिगळावरनं हात फिरवून म्हनतीस, "भरलं बग हिचं पोट." माझा लाल परकर फाटकाच होता, अजून जरा फाडला, तर तुला काय कळतंय.

म्याडम इचारायली, काय झालं अक्का? "बस चुकंल," म्हनून निघून आले. परकराचं सांगितलं आसतं तर तिनं लिवलंबी आसतं तुझं नाव. साऱ्या जगाला वाकळीच्या भुकंचं शिकवत बसले, आन ही येक गोष्ट जिभंवर आली न्हाई. सोमवारी परत जाऊन सांगनार हाय.

हा कागद कुटं धाडायचा न्हाई, भाकरीच्या टोपल्याखाली ठिवते. पन म्याडमच्या आधी तुला कळाय पायजे. भाकर मी खाल्ली, माय. निस्ती न्हाई, तू लपवून ठिवलेल्या कारळाच्या चटणीसंगं.