उंबऱ्यावरची तमिळ

७ जून १९५४
शाळा उघडली. गुंडूराव येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, नगरपालिकेच्या शाळेतला मराठीचा वर्ग आता तोच चालवतो. तोंड उतरलेलं. नगरपालिकेचा माणूस म्हणे घरोघर येऊन विचारणार, घरात भाषा कोणती. मराठी घरं पुरेशी निघाली तर वर्ग राहील, नाही तर मुलं तमिळ वर्गात. आमच्या चिन्नीचं यंदा पहिलीचं वर्ष. नातीला मराठी वाचता यावं, एवढंच मागणं होतं...

संध्याकाळी तिच्याकडून डोंगरावरच्या धुक्याची कविता म्हणवून घेतली. "तात्ता, धुकं म्हंजे काय?" मी तरी कुठं नीट पाहिलंय. इथं तमिळ मुलखात थेट आडुतुरै गावापर्यंत सपाट भातशेतं. न पाहिलेले डोंगर जन्मभर शिकवले.

१० जून
आमच्या मेलकावेरी भागातली सगळी मराठी घरं फिरलो. वर्ग कसा जाईल, आम्ही मराठीच सांगू, म्हणाले. भांडीवाला भीमराव पितळी चंबू पुसत म्हणतो, "मास्तर, तुमच्या कविता अजून पाठ आहेत. अर्थ तेव्हाही कळला नव्हता." ऊन फार. मन जरा हलकं.

१८ जून
सगळं बुडालं. नदीला नवं पाणी आलं म्हणून घाटावर जाऊन बसलो, तेवढ्यात कारकून घरी येऊन गेला. दारात सून, तुळजा.

"काय सांगितलंस?"
"तमिळ."
"का ग?"
"परका माणूस तमिळनं पुसतो, मामंजी. त्याला घरातलं कशाला दाखवायचं? बरं दिसतं का ते?"

शेजारीपाजारी तेच. भीमरावानं तर "तमिळच, सार" म्हणून वर कॉफी पाजली. मराठी म्हटलं तर आपल्याला परगावचे समजतील, असं वाटलं त्याला. लबाडी कुणाचीच नाही. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, पिढ्यान्‌पिढ्या असंच. कुणावर रागावू?

२१ जून
गुंडूरावाबरोबर नगरपालिकेत. हेडक्लार्क आपल्यातलाच, विठ्ठलाच्या भजनात टाळ धरतो. टेबलापलीकडून सगळं तमिळमध्ये. आम्हीही मराठीसाठी तमिळमध्येच भांडलो. पायऱ्यांपर्यंत सोडायला आला, इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच, "मास्तर, म्यां काय करूं? आपल्याच लोकांनी सांगितलं." वॉर्डाचे मेंबर शुक्रवारी स्वतः येऊन पुन्हा विचारतील, एवढं केलं त्यानं. म्हणाला, तुम्ही पुढे होऊ नका, तुम्ही शिकवलेलं वाटेल. घरच्या बाईला बोलू द्या.

परतताना गुंडूराव दोन पावलं पुढेच. वर्ग गेला तर तो काय करणार... विचारवलं नाही.

२४ जून
तुळजाला शिकवलं, काय सांगायचं ते. पदर तोंडाला लावून हसते. "चिन्नीची कविता घेता तशी माझी घेता, मामंजी." म्हणाली मात्र बरोबर. भीमरावही म्हणाला, या खेपेला चुकायचो नाही.

२५ जून
मेंबर आले. भला माणूस, चप्पल बाहेर काढून उभा राहिला. मी आतच बसलो. तुळजा दाराशी गेली. प्रश्न झाला. मग तिचा आवाज, तमिळमध्ये, "आमचे मामंजी मराठी बोलतात."
"आणि तुम्ही?"
"आम्ही... सगळंच बोलतो, सार."
ते हसले. बघू, मीटिंगपुढे ठेवतो, म्हणाले.

आत आली ती रडवेली. "तोंडाशी आलं होतं, मामंजी. परक्यापुढं फुटेना." मेंबर शेजारी भीमरावाच्या दारात असताना चिन्नी अंगणातून आईला मोठ्यानं हाक मारून काही मागत होती, आपल्या भाषेत. तुळजानं घाईघाईनं खुणेनं तिला गप्प केलं. भीमराव काय म्हणाला ते विचारायला गेलो नाही.

गुंडूराव दिवेलागणीला आला. मीटिंग कधी, त्यालाही ठाऊक नाही. म्हणाला, "मास्तर, सोमवारी चिन्नीला माझ्याकडे धाडता की तमिळ वर्गातच बसवता?"
उद्या सांगतो, म्हटलं. बसून आहे.