लांबलेला सजदा

बौशर, मस्कत
१३ जुलै २०२५

प्रिय नुमान यास,
अस्सलामु अलैकुम. अम्मीचे गुडघे, भाताची लावणी, सगळं ठीक असेल. फोन का केला नाही म्हणशील. माझ्या फोनवर सलग दोन वाक्यं होत नाहीत, म्हणून सुट्टीवर गावी निघालेल्या सफूराच्या नवऱ्याजवळ हे पत्र आणि खजूर देतोय.

महिन्याभरापूर्वी कामगारांच्या कॅम्पच्या हॉलमध्ये पहाटेची, फजरची नमाज मीच पढवत होतो. दुसऱ्या रकातीत सजद्यात गेलो आणि तिथेच झोप लागली. इमामाआधी मान उचलायची नाही, म्हणून मागे चाळीस माणसं कपाळ टेकून तशीच राहिली. मला सावध करायला कोणीतरी 'सुब्हानल्ला' म्हणालं. मग आणखी कोणी. तिसऱ्या हाकेला मला जाग आली. सलाम फेरून नमाज संपवली आणि वळलो, तर सगळ्यांच्या कपाळांवर चटईच्या रेघा.

बाहेर बसचा ड्रायव्हर रविकांत, आपला रोह्याचा, खोळंबलेला. "काय हुसैनभाई, आज वर लांबलचक अर्ज दिलात वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो.

दोनशे दहा माणसांचं पाणी, जेवण, ताप, भांडणं, सगळं कॅम्प बॉस म्हणून माझ्या एका फोनवर. डॉक्टरने रक्तदाबाचा आकडा सांगितला, तो अम्मीला कळता कामा नये. मालकाला, अर्बाबला म्हटलं, आठवड्यातून एक दिवस फोन दुसऱ्याकडे द्या. माणूस वाईट नाही. म्हणाला, "इन्शाल्ला, हुसैन. भावाला बोलाव. एक फोन तू, एक फोन तो."

तू मस्कतला चाललो म्हणून मोहल्ल्यात सांगून बसलायस, नोकरीही सोडलीस. नव्या बॅगेचा फोटो घरून उमामाने पाठवला. म्हणूनच लिहायला इतके दिवस लागले.

अब्बांच्या आजारपणात तू सहा रात्री डोळा मिटला नव्हतास, वर भेटायला येणाऱ्यांना चहा करत होतास. तू इथे पहिल्याच घंटीला फोन उचलशील. मग दोन्ही फोन वाजत राहतील. मी सोडून आलो, तर हाच फोन दुसऱ्या कोणाच्या तरी भावाच्या हाती जाईल, म्हणून तेही धाडस होत नाही. दुवेला हात उचलतो, पण मागायचं काय ते सुचत नाही. नमाजेला आता शेवटच्या ओळीत उभा राहतो.

आज सकाळी अर्बाबला सांगून आलो, भाऊ येणार नाही. व्हिसासाठी दिलेले तुझे कागद मागून घेतले. याच पाकिटात आहेत.

हवं तितकं रागव, पण ते परत इकडे पाठवू नकोस.

तुझा भाई,
हुसैन