दात पाडलेली कॅसेट

बाबा, तुमचा टू-इन-वन परवा इथे बहरीनला, तुबलीतल्या एका दुकानातून दुरुस्त करून आणला. आतला पट्टा सैल पडला होता, बाकी काही नाही. हमद टाउनला घरी आणून त्यात तुमची ती स्वीडिश गाण्यांची कॅसेट घातली. थोडी गिटार वाजली, मग तो माणूस गायला लागला, आणि लहानपणी यायचं तेच नेमकं माझ्या मनात आलं. रोजनिशीत मी त्या दिवशी 'राग आला' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाचताना ते खरं वाटेना, म्हणून खोडून 'मत्सर' लिहिलं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. गेलेल्या वडिलांच्या आवडत्या गायकाचा चाळिशी उलटलेल्या बाईने मत्सर करावा हे शोभत नाही, पण शब्द तोच बरोबर आहे.

तुम्ही बहरीनला आणि आम्ही गावी होतो, तेव्हा आपल्याकडे पत्रांपेक्षा कॅसेटच जास्त चालायच्या. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून तुमची कॅसेट यायची. आम्ही ती ऐकायचो आणि मग तिच्यावरच, तुमच्या बोलण्यावर आमचं बोलणं भरून परत पाठवायचो. सगळ्या वाडीत हीच रीत होती. आई लग्नं आणि आजारपणं सांगायची, मी पाढे म्हणायची, आणि शेवटी 'बाबा, तुम्ही कधी येणार' हे ठरलेलं. एकदा मात्र मी आईला बोलूच दिलं नाही. दोन्ही बाजू मी एकटीने भरल्या. शाळेतल्या कविता, विहिरीत पडलेली बादली, गाईला झालेली पाडी, सगळं. कॅसेटच्या कागदावर निळ्या शाईने जास्वंदीचं फूल काढलं. ती कॅसेट परत आली नाही. मला वाटलं, तुम्ही ती ठेवून घेतलीत. वर्षभर मी त्या समजुतीत सुखी होते.

मग तुम्ही आम्हाला इकडे आणलंत. बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरची ती खोली. पहिल्याच आठवड्यात मला टू-इन-वनशेजारी माझं जास्वंदीचं फूल दिसलं. मी कॅसेट लावली आणि आतून एक परका माणूस गायला लागला.

"बाबा, माझं बोलणं कुठाय?"

"ते? खलास," तुम्ही हसत म्हणालात. "माझा एक दोस्त त्याच्या देशाला सुट्टीवर निघाला होता, घाईत हाताला लागली ती कॅसेट दिली त्याला, गाणी भरून आणायला."

मी ती उलटसुलट करून पाहिली. पाठीच्या कडेवर जे दोन चौकोनी दात असतात, ते पाडलेले होते. "ते मोडले की वर काही भरता येत नाही," तुम्ही समजावलंत. "चुकून कुणी पुसायला नको."

हे वाक्य तुम्ही किती प्रेमाने म्हणालात, ते तुम्हाला माहीत नसणार.

तो दोस्त म्हणजे तुमचा स्वीडिश इंजिनियर. जनरेटर बसवायच्या कामावर आलेला, तुम्ही मेकॅनिक होतात त्या तुबलीच्या गॅरेजला गाडी घेऊन यायचा आणि तुमच्याबरोबर स्वतःच गाडीखाली शिरायचा. गाणारा त्याच्या देशातला कुणी होता, सरकारला आणि कारखानदारांना गाण्यातून सुनावणारा. इंजिनियर मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगायचा आणि तुम्ही तो घरी येऊन आम्हाला. एका गाण्यात मंत्री कारखाना बघायला येतो, सगळ्यांशी हात मिळवतो आणि मग रुमालाला हात पुसतो. त्या ओळीवर तुम्ही दर वेळी मांडीवर थाप मारायचात. मात्र आवाज बारीक करून. व्हिसा जायची भीती होती ना.

एका शुक्रवारी तो जेवायला आला. खाली पाटावर बसला, सोलकढी दोनदा मागून घेतली. तुम्ही त्याला चक्क मराठीत म्हणालात, "अरे, तू भात घे की." आईच्या हातातली पळी थांबली.

"अहो, सायबाला अरेतुरे काय करताय?"

"त्यांच्यात सगळे अरेतुरेच करतात. तो गाणारा मंत्र्याला पण तूच म्हणतो."

"आणि मंत्री काय म्हणतो?"

"काय म्हणणार? ऐकून घेतो."

"मग बरंय. उद्या तुमच्या मालकाला, त्या अरबाबाला म्हणा, ए, पगार वाढव."

तुम्ही इतके हसलात की तोही न समजता हसला. त्या हसण्यात मला जागा आहेसं वाटलं. मी म्हणाले, "बाबा, तू मला पाणी दे."

हसणं थांबलं. तुम्ही तांब्या माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "आपण स्वीडनमध्ये नाही आहोत."

एवढंच. ओरडला नाहीत. पण त्या दिवसापासून मी त्या गाणाऱ्याचा द्वेष केला. तो मंत्र्याला तू म्हणायचा आणि तुम्ही मान डोलवायचात. मी तुम्हाला एकदाच तू म्हणाले.

पुढे कधीतरी तुमचा डबा घेऊन आई आणि मी गॅरेजला आलो होतो. अरबाब सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडत होता आणि तुम्ही चिंधीने हात पुसत "येस, अरबाब" म्हणत होतात. त्या संध्याकाळी तुम्ही ते मंत्र्याचं गाणं पुन्हापुन्हा लावलंत. तेव्हाच मला सगळं उमगलं, असं लिहिणं सोयीचं होईल. खरं म्हणजे मी कानांवर उशी दाबून पडले होते. उमगलं फार उशिरा, आणि उमगल्यानेही मत्सर कमी झाला नाही. तुम्हाला जे बोलता येत नव्हतं ते तो बोलत होता, मान्य. पण माझ्या जागेवर बसून बोलत होता.

परवा माझी मुलगी कॅसेट ऐकत उभी राहिली. "आई, भाषा कळत नाही, पण हा कुणाला तरी मस्त रोस्ट करतोय," म्हणाली आणि बापाला हाक मारली, "अरे बाबा, तू ऐक ना हे." तिचा बाबा आला आणि ऐकू लागला. मी स्वयंपाकघरात गेले.

तिथे आणखी एक गोष्ट सुचली, तीही लिहायला हवी. तुम्ही माझा आवाज पुसलात हे मी किती वर्षं धरून ठेवलं. आणि आम्ही? दर वेळी तुमच्या आवाजावर बोललो. तुमच्या एकाही कॅसेटचे दात मोडायचं आम्हाला सुचलं नाही. आज तुमचा एक शब्दही कुठे उरलेला नाही. तुमचा नाही, माझा नाही. त्याचा तेवढा आहे.

हे पत्र मी लिहिणार नव्हते. तुमच्यासाठी कॅसेट भरायची सवय, म्हणून बोलणार होते. त्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. काल घरी कुणी नसताना ती लावली, लाल बटण दाबलं आणि म्हणाले, "बाबा, तू". टेप थोडी फिरू दिली. बटण बंद केलं, पट्टी काढून टाकली.

आता त्या गाण्यात मंत्री हात मिळवतो, मग मधेच मी "बाबा, तू" म्हणते, आणि तो पुढे गाऊ लागतो. रुमालाची ओळ गेली. तुम्ही थाप मारायचात ती. मला वाईट वाटायला हवं होतं. सकाळपासून मी ती जागा चार वेळा ऐकली आहे.